कोसस्थलैयारच्या खोऱ्यात

मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, येणारा महाराष्ट्रीय प्रवासी बहुधा समुद्राकडे तोंड करूनच हे शहर पाहतो. मरीनाची वाळू, मैलापूरचे कपालीश्वराचे देऊळ, जवळचे महाबलीपुरम आणि फार तर कांचीपुरम एवढे पाहून झाले, की त्याची यात्रा सुफळ संपूर्ण होते. शहराच्या पाठीशी, वायव्य दिशेस साठेक किलोमीटरवर, झाडीने आणि बुटक्या टेकड्यांनी वेढलेले एक नदीचे खोरे आहे आणि तेथे पायी हिंडण्यासारखे पुष्कळ आहे, हे त्याच्या गावीही नसते. मौज अशी, की मुंबईहून रायचूर-अरक्कोणम मार्गाने येणारी गाडी तिरुवळ्ळूर स्थानक मागे टाकते, तेव्हा हे खोरे डाव्या हाताला अवघ्या दहा-बारा किलोमीटरवर असते. पण चेन्नई आता जवळ आलेली असते. प्रवासी बाकाखालच्या पेट्या ओढून काढण्यात गुंतलेले असतात आणि मानवी कारागिरीच्या भारतातील अतिप्राचीन ठिकाणांपैकी एक ठिकाण कोणाच्याही नकळत मागे पडते.

या नदीचे नाव कोसस्थलैयार. जुन्या इंग्रजी नकाशांत ती कोर्तलैयार या नावाने भेटते. तमिळमध्ये ‘आरु’ म्हणजेच नदी. तेव्हा नावापुढे आपण पुन्हा ‘नदी’ हा शब्द जोडला, तर तो पुनरुक्तीचाच प्रकार होतो. गोदावरी-कृष्णेच्या मानाने ही अगदी लहान. शिवाय तिचे ऋतुचक्रही आपल्याहून निराळे. आपल्याकडे दसरा झाला, की पावसाची आठवण तेवढी उरते. इकडे त्याच सुमारास ईशान्य मोसमी वारे पाऊस घेऊन येतात आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत नदीचे पात्र भरते. उरलेल्या वर्षात ती वाळूतून कशीबशी वाट काढीत असते. म्हणून या खोऱ्यात फिरावयाचे तर पौष-माघाचे दिवस उत्तम. हवा कोवळी असते, रान हिरवे असते आणि तळ्यांना पाणी असते.

पदयात्रेचा आरंभ पूंडीपासून करावा. येथे कोसस्थलैयार अडवून एक विस्तीर्ण जलाशय तयार केला आहे. मद्रास शहराची तहान वाढत चालली होती, आणि १९३९ साली शहराचे महापौर झालेले देशभक्त एस. सत्यमूर्ती यांनी हे धरण व्हावे म्हणून नेट धरला. जलाशय १९४४ साली पुरा झाला. तो पाहण्यास सत्यमूर्ती मात्र राहिले नाहीत. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते. आज हा जलाशय त्यांच्याच नावाने ‘सत्यमूर्ती सागर’ म्हणून ओळखला जातो.

बांधावर उभे राहून पाण्याकडे पाहताना महाराष्ट्रीय मनुष्याला एक गोष्ट सांगितली, तर त्याला सहसा खरी वाटत नाही. या पाण्यात महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेचे पाणी मिसळलेले आहे. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या पाण्यातील आपापल्या वाट्यातून प्रत्येकी पाच अब्ज घनफूट पाणी मद्रासला पिण्यासाठी देण्याचे मान्य केले. श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू असा लांबचा प्रवास करीत ते पाणी १९९६ मध्ये प्रथम पूंडीला पोचले. मद्रासचे चेन्नई झाले, तेही याच वर्षी. या योजनेला ‘तेलुगु गंगा’ असे सुंदर नाव आहे. वाटेत गळती आणि बाष्पीभवन होते, कधी पाणी कमी येते, तक्रारी होतात. पण कृष्णाकाठचे पाणी तमिळ घरातल्या घागरीत पडते, ही गोष्ट काही थोडी नव्हे.

जलाशय म्हटला, की बुडालेले गाव आलेच. येथे तिरुवेण्पाक्कम हे प्राचीन गाव पाण्याखाली गेले. तेथील शिवमंदिराची कथा तमिळ घरांतून अजून सांगतात. संत सुंदरर यांची दृष्टी गेली असता या ठिकाणी शंकराने त्यांना आधारासाठी काठी दिली, म्हणून देवाचे नाव ऊन्रीश्वर, म्हणजे काठीचा देव. गाव बुडण्याची वेळ आली, तेव्हा देव हलविला आणि पूंडीत त्याचे नवे देऊळ उभे राहिले. विधिपूर्वक प्रतिष्ठापना झाली, की देव नव्या जागी पूर्वीसारखाच नांदतो, अशी आपली श्रद्धा आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे रानात तिची आठवण होणार आहे.

पूंडी गावात तमिळनाडू शासनाच्या पुरातत्त्व विभागाचे एक लहानसे संग्रहालय आहे. त्याचा विषय एकच, प्रागैतिहासिक मानव. कपाटांतून दगड मांडलेले आहेत. काही बदामाच्या आकाराचे, काहींची एक कड सरळ धारेची, काही नुसतेच पातळ छिलके. घाईने आलेला प्रेक्षक पाच मिनिटांत बाहेर पडतो. ‘दगड’ हा शब्द आपल्या भाषेत कौतुकाने थोडाच वापरला जातो? ज्याला काही कळत नाही तो दगड, आणि ज्याला काही वाटत नाही तोही दगडच. परंतु येथील पाट्यांवर वारंवार येणाऱ्या एका इंग्रजी शब्दापाशी भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याचे पाऊल अडखळते. तो शब्द म्हणजे ‘इंडस्ट्री’. एका विशिष्ट पद्धतीने घडविलेल्या दगडी आयुधांच्या समूहाला पुरातत्त्वज्ञ हीच संज्ञा देतात. या परिसरातील आयुधांवरून ‘मद्रास हातकुऱ्हाड उद्योग’ ही संज्ञा विद्वानांत रूढ झाली. डॉ. हसमुख सांकलिया यांनी नाशिकजवळ गोदावरीच्या काठी सापडलेल्या आयुधांवर १९५२ साली ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातही हाच शब्द आहे.

आपण त्याचे भाषांतर ‘उद्योग’ असे करतो आणि ते या ठिकाणी मूळ शब्दाहूनही चपखल बसते. कारण मराठीत उद्योग म्हणजे केवळ धुराडे आणि यंत्रे नव्हेत. उद्योगी माणूस म्हणजे हाताला आणि बुद्धीला स्वस्थ बसू न देणारा माणूस. या खोऱ्यात अशी उद्योगी माणसे फार फार पूर्वी राहत होती.

त्यांचा पत्ता लागण्याची हकीकत अशी. रॉबर्ट ब्रूस फूट हा तरुण इंग्रज भूशास्त्रज्ञ १८५८ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात दाखल झाला. पुढच्याच वर्षी युरोपात एक मोठा वाद निकालात निघाला होता. फ्रान्समधील सोम नदीच्या खोऱ्यात नामशेष झालेल्या प्राण्यांच्या अस्थींबरोबर मिळालेले दगड मानवानेच घडविले आहेत, हे तेथील शास्त्रज्ञांनी मान्य केले. फूटच्या मनात ही गोष्ट असणे स्वाभाविक होते. ३० मे १८६३ या दिवशी मद्रासच्या दक्षिणेस पल्लावरम येथे, जांभ्या खडीच्या एका खाणीत, त्याला एक घडविलेला दगड सापडला. त्या वेळी तो अठ्ठावीस वर्षांचा होता. भारतातही अश्मयुग होऊन गेले, याची ती पहिली निःसंदिग्ध साक्ष. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आपला सहकारी विल्यम किंग याच्यासह तो या खोऱ्यात आला आणि अत्तिरंपाक्कम गावाजवळच्या ओढ्याकाठी त्या दोघांना आयुधांची जणू रासच आढळली. फूटने पुढे दक्षिण भारतभर भटकंती करून असंख्य वस्तू जमविल्या. तो संग्रह आज चेन्नईतील एग्मोरच्या शासकीय संग्रहालयात आहे.

पूंडीहून त्या अत्तिरंपाक्कमकडे निघाले, की रस्ता भातशेतांमधून जातो. बांधाबांधावर ताडाची झाडे पहारेकऱ्यांसारखी उभी असतात. मग शेते विरळ होतात, माती तांबूस होऊ लागते आणि काटेरी झुडुपांचे रान सुरू होते. कोकणातल्या मनुष्याला ही जांभी माती पाहून घरी आल्यासारखे वाटेल. पावसाच्या ओहोळांनी जमीन चिरून काढली आहे आणि त्या घळींच्या कडांतून जुन्या मातीचे थर वहीच्या पानांसारखे एकाखाली एक दिसतात. येथे ना दरवाजा, ना बुरूज, ना शिलालेख. ठिकाण आले, हे सांगावे लागते. तेथे पायाखाली पाहू लागावे. प्रथम सारे दगड सारखेच दिसतात. पण हळूहळू नजर तयार होते, आणि हा दगड आपोआप फुटलेला नव्हे, कोणी तरी फोडलेला आहे, हे कळू लागते.

दगड फोडणे ही गोष्ट सोपी नाही, हे कोणताही पाथरवट सांगेल. या खोऱ्यातील दगड क्वार्टझाइट जातीचा, अत्यंत कठीण. जवळच्या अल्लिकुळी टेकड्यांत गोल गोट्यांचा जो खडक आहे, त्यातून तो मिळे. एक जड गोटा हातोड्यासारखा धरून मोठ्या दगडाच्या नेमक्या कडेवर, नेमक्या कोनात घाव घातला, की मोठा छिलका सुटतो. कोन चुकला, तर दगड वाया आणि बोट जायबंदी. मग त्या छिलक्याचे दोन्ही अंगांनी लहान लहान कपचे काढीत बदामी आकाराची हातकुऱ्हाड तयार व्हायची, किंवा एक कड सरळ राखून फरशीच्या पात्यासारखे आयुध. त्यांनी शिकार सोलावी, हाडे फोडावीत, लाकूड तासावे.

यातली विशेष गोष्ट उत्खननातून कळली. अत्तिरंपाक्कमच्या सर्वांत खालच्या चिकणमातीच्या थरात आयुधे आहेत, परंतु ज्यांतून ती घडवावीत असे मोठे गोटे त्या थरात नाहीत. याचा अर्थ, कच्चा माल दुसरीकडे होता. त्या लोकांनी तेथेच मोठे छिलके काढले, ते वाहून येथे आणले आणि आयुधांवर शेवटचा हात येथे फिरविला. खाण एकीकडे, कार्यशाळा दुसरीकडे, आणि मधली वाट डोक्यात पक्की. उद्या काय लागेल, याचा विचार आज करणारी ही माणसे होती. आणि ही विद्या कोणी जन्मतः घेऊन येत नाही. थोरल्याने घाव घालावा, धाकट्याने पाहावे, त्याने चार दगड बिघडवावे आणि पाचवा साधावा, अशीच ती एका पिढीकडून दुसरीकडे गेली असली पाहिजे. लिपी नव्हती, शाळा नव्हती. पण शिकवणी होती.

ही शिकवणी किती जुनी? शर्मा सेंटर फॉर हेरिटेज एज्युकेशन या संस्थेच्या वतीने डॉ. शांती पप्पू आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ पासून येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटे होते आणि त्याची खूण चिकणमातीच्या कणांत उमटून राहते. येथील जुन्या थरात ती खूण उलट्या क्षेत्राची निघाली. शिवाय दगड उघड्यावर असताना आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि बेरिलियम यांचे विशिष्ट किरणोत्सारी अणू तयार होतात. तो मातीखाली गाडला गेला, की ते वेगवेगळ्या गतीने घटत जातात. त्यांचे प्रमाण मोजून दगड किती काळ गाडलेला आहे, हे ठरविता येते. अशा रीतीने निघालेला निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. येथील सर्वांत जुनी आयुधे किमान दहा लाख, आणि बहुधा सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीची आहेत. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी सुमारे दोन हजार वर्षांची. तो दोन हजार वर्षांचा काळ म्हणजे एक पाऊल मानले, तर या ओढ्याकाठच्या कारागिरापर्यंत आपल्याला साडेसातशे पावले मागे चालावे लागेल.

२०१८ साली त्याच संशोधकांनी दुसरी गोष्ट दाखविली. सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वी येथील कारागिरांनी अवजड हातकुऱ्हाडींची वाट सोडली आणि आधी गाभा नीट सिद्ध करून त्यातून हव्या त्या आकाराचा छिलका एका घावात काढण्याचे नवे तंत्र अंगीकारले. हा बदल भारतात पुष्कळ नंतर, बाहेरून आला असावा, अशी पूर्वी समजूत होती. या दगडांनी ती समजूत पुन्हा तपासावयास लावली.

हे कारागीर दिसत कसे होते, हे मात्र त्यांचे दगड सांगत नाहीत. मानवी अस्थी येथे मिळालेल्या नाहीत. घोडा, रानम्हैस आणि नीलगाय यांच्या वर्गातील प्राण्यांचे दात मिळाले. त्यांवरून येथे मोकळी माळराने असावीत असा तर्क करता येतो. संपूर्ण भारतात त्या प्राचीन काळातील मानवी कवटीचा अवशेष आढळला तो नर्मदाकाठी हाथनोरा येथे, १९८२ साली. म्हणून या खोऱ्यातील दगड हीच त्या पूर्वजांची ओळख, हाच त्यांचा हस्ताक्षराचा नमुना.

आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. आमच्याबरोबर एका स्नेह्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. घळीच्या काठी त्याला एक सुबक छिलका दिसला. तो उचलून त्याने विचारले, “काका, हा मी घरी नेऊ? इथे तर कितीतरी पडलेत.” प्रश्न निरागस होता, आणि हाच प्रश्न गेल्या दीडशे वर्षांत कितीतरी मोठ्या माणसांनी स्वतःला विचारला आणि स्वतःच त्याचे सोयीचे उत्तर देऊन टाकले. अत्तिरंपाक्कमची सुंदर सुंदर आयुधे देशोदेशीच्या संग्रहांत जाऊन बसली. उरलेल्यांवर पावसाचे ओहोळ, नांगर आणि मुरुमासाठी होणारे खणकाम यांचा घाला चालूच असतो.

मुलाला मी ऊन्रीश्वराची आठवण करून दिली. देव हलविला, तरी त्याची पुन्हा प्रतिष्ठापना करता येते. या छिलक्याची करता येत नाही. तो कोणत्या थरात होता, त्याच्या शेजारी काय होते, त्याची कड कोणत्या दिशेला होती, या जागेवरच त्याचे सारे बोलणे अवलंबून आहे. जागेवर आहे तोवर तो साक्षीदार. घरच्या कपाटात गेला, की नुसता दगड. वर्षे मोजण्याची ती सारी विद्या घरच्या कपाटातल्या दगडापुढे हतबल होते. मुलाने क्षणभर विचार केला, तो छिलका होता तसा, ओल्या मातीत उमटलेल्या त्याच्याच ठशात ठेवला आणि मग वहीत त्याचे चित्र काढले. चित्र फारसे साधले नाही. पण घरी नेण्याजोगी वस्तू त्याला मिळाली.

अंगात चालण्याची हौस उरली असेल, तर पुढे गुडियमच्या गुहा पाहाव्यात. गुडियम गावापासून राखीव जंगलातून पायवाट जाते. वनखात्याकडे चौकशी करून आणि गावातला माहीतगार सोबत घेऊनच निघावे. वाटेत सावली थोडी, करवंदीसारखी काटेरी झुडुपे फार आणि पायाखाली सर्वत्र गोल गोटे. कारागिरांचा कच्चा माल तो हाच! मग एकाएकी टेकडीचा कडा समोर येतो आणि त्याच्या पोटात कमानीसारखी प्रचंड कपार उघडते. छताकडे पाहिले, की गोट्यांनी भरलेला तो खडक एखाद्या अजस्र चिक्कीच्या वडीसारखा दिसतो. उंच कड्याला मधमाश्यांची पोळी लोंबत असतात. तेथे मोठ्याने बोलू नये आणि धूर तर मुळीच करू नये. १९६०च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथे उत्खनन केले, तेव्हा येथेही अश्मयुगीन आयुधे मिळाली. आता त्या कपारीत ग्रामदेवतेचे ठाणे आहे आणि गावकरी तिला नारळ फोडतात. ऊन-पावसात आसरा देणारी जागा मनुष्याने सहसा सोडलेली नाही.

परतीच्या वाटेवर नदी पुन्हा भेटते. येथून ती पूर्वेकडे वाहत जाऊन चेन्नईच्या उत्तरेस एण्णूर येथे खाडीला मिळते. तेथे औष्णिक वीजकेंद्र आहे, बंदर आहे, आणि राखेने गढूळ झालेल्या खाडीविषयी तेथील कोळ्यांची जुनी तक्रारही आहे. एकाच नदीच्या काठी आपल्या उद्योगाचे पहिले पान आणि आजचे पान, दोन्ही वाचावयास मिळतात. पहिल्या पानावरच्या माणसांनी पंधरा लाख वर्षांनंतरही ओळखू येईल असे काम मागे ठेवले आणि नदीला काही अपाय केला नाही. आजचे पान आपण लिहीत आहोत.

महाराष्ट्रातील वाचकांना यासाठी चेन्नईलाच आले पाहिजे असे नाही. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या काठी, तसेच ज्ञानेश्वरीमुळे आपणा सर्वांना पूज्य असलेल्या नेवाशाला प्रवरेच्या काठी अश्मयुगीन आयुधे मिळाली आहेत. तिकडे जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या, नदीच्या दरडीतले थर त्यांना दाखवा आणि पायाखालचे दगड निरखू द्या. एखादा घडविलेला दगड दिसला, तर त्याचे चित्र काढावे, छायाचित्र घ्यावे, जागा टिपून ठेवावी आणि जवळच्या पुरातत्त्व कार्यालयास कळवावे. दगड मात्र आहे तेथेच असू द्यावा.